दैत्य किती मामांचा?

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत दैत्यांची ताकद मामांमध्ये मोजत. एखाद्या दैत्याला पाडण्याआधी मामा खेळात जितक्या वेळा मरायचा, तितक्या मामांचा तो दैत्य. गुहेतला कोळी दोन मामांचा, पुलावरचा राक्षस पाच मामांचा. नव्या माणसाला हे ऐकून हसू फुटायचं, पण आठवडाभरात तोही गंभीर चेहऱ्याने म्हणू लागायचा, "जलराणी फारच अवघड झाली, सात मामांवर आणा."

मामा हा तिथला सगळ्यात जुना खेळून बघणारा. सगळेच त्याला मामा म्हणत, पण त्याची खरी भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, त्याच खोलीत बसायची. दैत्यांचे आकडे बसवणं तिच्याकडे होतं : कुणात जीव किती, कुणाचा फटका किती जोराचा. ते काम मामानेच तिला शिकवलं होतं आणि तिच्या चुकाही त्यानेच चारचौघांत काढल्या होत्या. त्यामुळे तिचा त्याच्यावर जितका जीव, तितकाच राग.

घोडं अडलं ते शेवटच्या दैत्यापाशी. राखेचा राजा दहा मामांचा हवा, असं ठरलं होतं. पहिले आकडे घातले तेव्हा मामा बरोबर दहा वेळा मेला. मग खेळात बारीकसारीक बदल होत गेले, मामाचे मृत्यू पंधरा-वीसवर जाऊ लागले, आणि भाची प्रत्येक वेळी राजाची ताकद थोडी उतरवत राहिली. शेवटी बाहेरचे बारा जण खेळायला बोलावले. त्यातल्या नऊ जणांनी राजाला पहिल्याच खेपेत गार केलं. एकाने तर लढता लढता जांभई दिली.

"एवढा प्रवास करून लोक याच्याकडे येणार," मॅडम भाचीला म्हणाल्या. कंपनी त्यांची होती. "आणि हा असा? चूक कुठे आहे ते मला सोमवारी सांग."

खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे उघड होतं. भाचीने दोन दिवस आकडे चाळले. मग काहीतरी निमित्त काढून तिने मामाला पुन्हा गुहेतल्या कोळ्यासमोर बसवलं. दोन मामांच्या त्या कोळ्याने मामाला नऊ वेळा मारलं. नवव्या वेळी मामा तिच्याकडे न बघता उजवा अंगठा चोळत बसला. कोळी तोच होता. मापच बदललं होतं.

गप्प बसावं तर तिची नोकरी जाणार, बोलावं तर त्याची. तिने आधी त्यालाच गाठलं.

"मामा, तुझी बोटं मंदावलीत."

"कंट्रोलर जुना झालाय."

"त्याच कंट्रोलरवर मी खेळले. तीनदाच मेले."

"मला शिकवतेस? कंट्रोलर सरळ धरायला तुला कुणी शिकवलं?" एवढं बोलून तो निघून गेला. भाची सामानाच्या खोलीत जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधी येऊन बसला होता. "राजाचे पहिले आकडे परत घाल."

"झेपायचं नाही तुला."

"ते माझं मी बघतो."

दुपारपर्यंत मामा मरतच होता. मेला की न्यायनिवाडा व्हायचा : "ही चूक माझी." "हीपण माझीच." "ही मात्र त्याची लबाडी." भाची लिहून घेत होती. वहीतल्या सगळ्या लबाड्या एकाच फटक्याच्या निघाल्या. राजा तलवार उचलायचा आणि त्याच क्षणी हाणायचा. तरुण बोटं त्यातून कशीबशी निसटायची, आणि त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

"ताकद कमी करू नकोस," मामा म्हणाला. "फक्त तलवार वर जरा थांबू दे. स्वतःच्या चुकीने मरणारा माणूस स्वतःला शिव्या देऊन परत येतो. फसवला गेलेला येत नाही."

भाचीने तलवार पापणी लवण्याइतकी जास्त थांबवली. सोमवारी ते बाराही जण पुन्हा आले. कुणी आठ वेळा मेले, कुणी अकरा वेळा मेले, स्वतःला शिव्या दिल्या आणि पुन्हा बसले. जांभईवाला जेवायला उठेना. भाचीने मॅडमना सगळं सांगितलं, मामाच्या बोटांसकट.

"मोजमापाला दुसरं कुणीतरी बसवू," त्या म्हणाल्या. "लबाडी पकडायला मात्र मामाच हवेत."

मामा तिकडे कोपऱ्यात अजून खेळत होता. सेहेचाळिसाव्या खेपेला राजा गुडघ्यांवर आला आणि कोसळला. खोलीत टाळ्या पडल्या. मामाने कंट्रोलर खाली ठेवला आणि उजवा हात टेबलावर पसरला. अंगठा थरथरत होता, आणि या वेळी त्याने तो लपवला नाही.

"सहा महिने झाले," तो तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला. "डॉक्टरकडे एकट्याने जायचा धीर होत नव्हता. उद्या येशील बरोबर?"

"उद्या कशाला?" भाची म्हणाली आणि त्याची पिशवी खांद्याला लावून उभी राहिली.