दोष सतरंजीच्या काठाचा

मी सतरंजी बोलतेय. निळ्या-लाल पट्ट्यांची, जाड सुताची. माझ्यासारखीवर तुम्ही कधीतरी जेवायला बसला असाल, पण तिच्याकडे पाहिलं नसेल. पाहुण्यांचं लक्ष ताटाकडे असतं.

जन्म माझा नागपूरचा. यशवंतरावांना दिल्लीत सरकारी नोकरी लागली तेव्हा त्यांच्या नव्या संसाराबरोबर मीही आले. निवृत्तीनंतर त्यांनी गाझियाबादला फ्लॅट घेतला. रविवारी माझ्यावर बुद्धवंदना व्हायची. मग यूपीएससीच्या अभ्यासाला आलेली गावाकडची पोरं वरणभात जेवायची आणि तिथेच पेंगायची. फार गोड दिवस होते ते.

एकच दुःख होतं. यशवंतराव, म्हणजे घरातले आबा, माझ्या काठाला सारखे अडखळायचे आणि बोल मला लागायचा. त्यांचा मुलगा निखिल याचा हात थरथरून चहा सांडला, तरी मीच उंचसखल. सून वैजयंतीने माझा काठ दुमडून शिवला, कोपऱ्यावर सोफ्याचा पाय ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं या घरात अंगणाच्या जागी मी होते.

पुढे नात उन्नतीही धडपडू लागली. वैजयंती तिला रागवायची, लक्ष कुठे असतं म्हणायची. पोर माझ्यावर बसून गुडघा चोळायची. मला तिची फार माया यायची.

आबांच्या बाकीच्या तक्रारी वयावर ढकलल्या जात. वंदनेचा खणखणीत आवाज घोगरा झाला. दुपारी माझ्यावर आडवे झाले की दम लागायचा, मग उठून भिंतीला टेकायचे. उन्नतीच्या प्रोजेक्टची टाचणी तळव्यात घुसली, तीही त्यांना कळली नाही. माझ्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं.

मग शाळेच्या कार्यक्रमात उन्नती सपाट मैदानावर तोंडघशी पडली. घरी आल्यावर आबा कितीतरी वेळ माझ्याकडेच बघत बसले.

"तिथं सतरंजी नव्हती," ते निखिलला म्हणाले. "डॉक्टरकडे तिच्यासोबत मलाही घेऊन चल."

तपासण्या झाल्या, निखिलच्याही. निखिल अहवाल घेऊन आला आणि काय निघालं ते सगळ्यांनी माझ्यावर बसूनच ऐकलं. नसांचा आजार होता, वंशातून आलेला, तिघांनाही तोच. कुणाच्या पायात उतरला, कुणाच्या हातात. आबांचा आवाज आणि दम हेही त्यातलंच, फक्त तसं फार थोड्यांना होतं. पुरता बरा होत नाही, पण पायाला आधाराच्या पट्ट्या आणि रोजचा व्यायाम यांनी चालणं सावरतं. वैजयंती लेकीला कुशीत घेऊन रडली.

"माझ्यामुळं आलं गं तुला हे," आबा म्हणाले.

"नाक पण तुमचंच आलंय, आबा," उन्नती म्हणाली. "चलो, एक्सरसाइज सोबत करू."

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. पाय अडकेल असं काही जमिनीवर ठेवायचं नाही. म्हणजे मी निर्दोष सुटले आणि त्याच दिवशी हद्दपारही झाले.

आता गुंडाळून माळ्यावर आहे. आबांना करमत नाही. रविवार आला की म्हणतात, वंदनेपुरती तरी काढूया.

नका काढू, आबा. फरशी गार लागली तर खुर्च्या मांडा. तुमची नात स्वयंपाकघरातून दारापर्यंत न अडखळता जाते, ते मला इथून ऐकू येतं. एवढं ऐकायला मिळतंय तोवर मला पुन्हा अंथरू नका.