फाटकातले ठिपके

“अशा कोणत्या पोट्ट्या घरी जातेत जी मॅडम?” संगणकाच्या खोलीला कुलूप लावायला आलेल्या अंजनाबाई पडदा पाहून हसल्याच.

पडद्यावर चारशे ठिपके शाळेच्या फाटकातून निमूट बाहेर पडत होते. नववीच्या मुलींनी ते तयार केलं होतं. एक ठिपका म्हणजे एक मुलगी. तिला चालायचे दोन-तीन नियम द्यायचे आणि सगळ्या मिळून काय होतं ते बघायचं.

मागच्या महिन्यात शाळा सुटतानाच्या रेटारेटीत सहावीतल्या एका मुलीचा हात मोडला होता. मागचंही फाटक उघडा, असं अंजनाबाई प्राचार्यांना तीनदा सांगून आल्या होत्या. “पाच मिनिटांत तर शाळा रिकामी होते,” एवढंच उत्तर मिळालं होतं. आणि आता ठिपकेही तेच म्हणत होते!

“मग कशा जातात? तुम्हीच सांगा.” संगणक शिकवणाऱ्या इरावती मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली.

बावीस वर्षं फाटकावर उभ्या असलेल्या अंजनाबाई त्या खोलीत पहिल्यांदाच बसल्या. “मैत्रीण मागं राहिली का पोट्टी थांबते. थांबते तेही ऐन फाटकात! लहान्या भिंतीले चिकटून चालतेत. अन् सायकलवाली कोणाले वाट देत नाही.”

“हव मॅडम, मौसी सही बोल रही हैं!” संगणकासमोर बसलेली नववीतली पिंकी ओरडली. तिने भराभर नवे नियम भरले.

ठिपके निघाले. फाटकात थबकले. मागून रेटा आला आणि भिंतीकडचे लहान ठिपके चेंगरून एकेक करून लाल झाले.

“हेच! हेच पाहून राहिली मी रोज!” अंजनाबाई ताडकन उठल्या.

पिंकीने पडद्यावर मागचं फाटक उघडलं. गर्दी दोन्हीकडे वाटली गेली. लाल एकही नाही! मुलींनी बाकं बडवली. कोणीतरी धावत जाऊन प्राचार्यांना घेऊन आलं. त्यांनी तीनदा चालवून पाहिलं.

“हे नियम कोणी सांगितले?”

“अंजनाबाईंनी,” मॅडम म्हणाल्या.

प्राचार्य अंजनाबाईंकडे वळले. “बाई, मी ऐकायला हवं होतं. सोमवारपासून दोन्ही फाटकं उघडू.”

सोमवारी घंटा झाली. ना रेटारेटी, ना रडारड. अंजनाबाईंना एकदाही ओरडावं लागलं नाही. चौबे कॉलनीकडच्या मुली मागच्या फाटकातून गेल्या. रोज अंजनाबाईंना हात करून जाणारी पिंकीही त्यांच्यातच होती. तिचं खिदळणं इमारतीपलीकडून ऐकू आलं, मग लांब गेलं.

समोरचं आवार रिकामं झालं, तरी अंजनाबाईंनी फाटक थोडा वेळ उघडंच ठेवलं.