धुक्यातला हाव

माझ्या उजव्या पायाला आता दोनच बोटं आहेत. बाकीची तीन कुलूच्या वर बर्फात गेली. त्यांचं मला काही वाटत नाही. पण चुडामणचं नाव कुणी काढलं की अजून टाळकं सरकतं, आणि का सरकतं ते एकदा सांगूनच टाकतो.

छप्पन साली आम्ही भडगावचे पाच केळीवाले वॅगनीसोबत दिल्लीला गेलो होतो. धुळ्याचा रुपचंद हवालदार तिथे भेटला. फौजेत तो बर्फावर घसरायला शिकला होता. म्हणाला, चला, आठ दिवसांत डोंगरमाथा दाखवून आणतो. हातात पैसा खुळखुळत होता, निघालो! पायाला लांब फळ्या बांधायच्या, चढताना त्यांना खालून कातडं लावायचं म्हणजे फळी मागे सरकत नाही, आणि उतरताना कातडं काढून घसरत यायचं. पहिले चार दिवस आम्ही बर्फात नुसतं लोळलो आणि एकमेकांना शिव्या घातल्या.

हवालदाराचा नियम एकच. थांबला की तो नावं पुकारणार, ज्याचं नाव त्याने ओ द्यायची, म्हणजे आमच्या बोलीत 'हाव' म्हणायचं. एकही आवाज कमी पडला तर सगळ्यांनी माघारी फिरायचं.

माथ्याच्या दिवशी धुकं उतरलं. मी सगळ्यात मागे, माझ्यापुढे माझा शेतशेजारी चुडामण. माझ्या एका फळीचं कातडं सुटलं आणि मी गडगडत नाल्यात गेलो. पाय मुरगळला. "चुडामण!" म्हणून दोनदा ओरडलो. कुणी आलं नाही. चार तास तिथे पडून होतो. आधी पाय दुखत होता, मग दुखायचाही थांबला. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो.

शेवटी चुडामणच आला, हवालदाराला घेऊन. ढसाढसा रडला. मला पाठुंगळी घेऊन खाली आणलं, माझे पाय स्वतःच्या पोटाशी धरून बसला. गावात आल्यावर ज्याला त्याला मी सांगत सुटलो की ह्या माणसाने मला जीवदान दिलं. नुसतं सांगून भागलं नाही, माझी पोरगी लता मी त्याच्या पोराला, अभिमनला दिली. वर्षभराने लग्न धरलं.

लग्नाला दोन दिवस असताना हवालदार आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तोताराम भाऊ, एक कोडं मला सुटत नाही. त्या दिवशी मी तुमचं नाव तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा धुक्यातून 'हाव' आलं. माथ्यावर डोकी मोजली, तेव्हा कुठे तुम्ही नाहीत हे कळलं. मग तुम्ही इतक्या खाली कसे सापडलात?"

तो 'हाव' कुणाचा, ते मला तिथेच कळलं.

आमच्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते. पाटकरी नाव पुकारतो. धनी बैल पाजायला गेला असला तर शेजारचा त्याच्या नावाने 'हाव' म्हणतो, म्हणजे त्याची पाळी जात नाही. माझ्या नावाने चुडामणने शंभरदा 'हाव' म्हटलं असेल, मी त्याच्या नावाने.

तसाच लंगडत त्याच्या घरी गेलो. तो मांडवाच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसला होता. मी तोंडावरच विचारलं.

त्याने हातातली दोरी बाजूला टाकली. मग म्हणाला, "देखं व्हतं मी तुले पडताना. वाटलं, उठशील, येशील मांगून. हाव नसतं म्हटलं तर बठ्ठे माघारी फिरले असते रे. एवढ्या लांब जाऊन माथा न देखता?"

"तीनदा, चुडामण?"

"मी आलो ना मंग तुले घ्यायले!"

अरे, म्हणूनच तर जास्त जळतं! नसता आला तर वैरी म्हणून मोकळा झालो असतो. माझे पाय पोटाशी धरून रडणाऱ्याला काय म्हणू? "लग्न मोडलं," एवढंच म्हणालो आणि निघालो.

घरी माझी बायको सुनंदाबाई पापड लाटत होती. आमची ही बाई भांडं पडलं तरी दचकते. मी सगळं सांगितलं, तर लाटणंसुद्धा थांबलं नाही.

"तुले माहीत व्हतं?" मी विचारलं.

"सा महिने झाले."

"आणि माझ्यापासून लपवलंस? चुडामणच्या कुंदावहिनीने सांगितलं का?"

"ती कशाले सांगीन?" तिने पदराने तोंड पुसलं. "अभिमनने लताले सांगं, अन् लताने मले. पाया पडली माझ्या. म्हणे, आबाले कळू देऊ नको, लगीन मोडतील."

आतल्या खोलीत बांगड्या वाजत होत्या आणि पोरी हसत होत्या. त्यांत लताचं हसू मला ओळखू येत होतं. बाहेरून मांडववाल्याने हाक दिली, "आबा, मेढ कुठं रोवू?"

"रोव रे कुठंही," मी म्हणालो.