हात न लावलेला वाटा

सरकारने मुखपट्टीसकट सगळी बंधनं उठवली, त्या आठवड्यात साथीत मोजकीच माणसं ओढत ती रापण देवबागच्या किनाऱ्यावर पुन्हा पूर्वीसारखी, सगळ्या गावाची लागली. समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून, अंगाला अंग लावून ओढायचं. दोराला ज्याचा हात लागला त्याला माशांचा वाटा, मग ते पोर असो की म्हातारी.

चंद्रावती पदर खोचून निघाली. लेक दिव्या दारात आडवी उभी राहिली.

"खंय चललंस गो आये?"

"रापणीक."

"आजून आठ दिवस थांब."

"सगळां सुटलां मां? दोन सुयो घेतलंय, वर तिसरीय घेतलंय. आता काय चाळण करतंस माझी?"

आवाराच्या दगडी गडग्यापलीकडून लवू रापणकर हसला. "सोड गो तिका. गावात लस घेवचो रवलो तो फक्त माझो कुत्रो."

"लवूकाका, तुमका हसूक काय जाता? हिका काय झालां तर?"

चंद्रावतीने खोचलेला पदर सोडला आणि मागच्या पडवीत गेली. साथ आल्यापासून ती तिथेच राही. दिव्याकडे पर्यटक उतरत, म्हणून तिने आईची चूलही तिकडे वेगळी मांडून दिली होती. आवशीक फुलासारखी जपल्यान, असं गाव म्हणे. दिव्याला ते ऐकायला बरं वाटे.

दुपारी लवूने, साथ आल्यापासून ठेवायचा तसा, चंद्रावतीचा वाटा गडग्यावर आणून ठेवला. ताजे बांगडे होते.

"बांगडे बरे होते मां?" संध्याकाळी दिव्याने लांबूनच विचारलं.

"बरे होते."

सकाळी चंद्रावती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. साथीची चाचणीही केली. तिच्यात काही निघालं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर शेजारची तुळसा येऊन बसली.

"तुका सांगा नको म्हणाली होती," ती म्हणाली. "गडग्यावरचो वाटो तुझी आवस माका आणून दी. दोन वर्सां. म्हणायची, दोराक हात लावंक नाय, तां मी खाव कशी?"

"मगे ती काय खाय?"

"पेज. नायतर कधी सुक्या सुंगटाची चटणी."

दुसऱ्या दिवशी दिव्या रापणीवर गेली. वाळूत टाचा रोवून दोर ओढताना तळहात सोलले. जाळं वर आलं. लवूने तिचा वाटा घातला आणि शेजारी आणखी एक.

"हो तुझ्या आवशीचो."

"तिचो हात खंय लागलो, काका? ती येय होती. मी आडवी रवलंय."

दिव्याने आपला वाटा उचलला, दुसरा वाळूतच ठेवला.

घरी आली तेव्हा पर्यटकांच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते. दारात, त्या सकाळी उभी होती त्याच जागी, ती थांबली. मग चौकटीला पाठ लावून बाजूला सरली, एक माणूस सहज बाहेर पडेल इतकी.

"जा गो आये," ती म्हणाली. "रापणीक जा."