बाबांचा विलो

ज्याच्या लवचीक फांद्यांच्या टोपल्या व्हायच्या, तो नदीकाठच्या पाणथळीतला जुना विलो उपटून सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, तिथे नव्या जातीची रोपं लावली, तेव्हाच सूनबाईला धास्ती वाटली होती. घरात टोपल्या विणणारी आता ती एकटीच; बाबांच्या बोटांनी केव्हाच संप पुकारला होता. पण ‘दोन जातींचा संकर आहे, बघता बघता वाढतो’ असं रोपवाटिकेवाला म्हणाला आणि बाबा पाघळले.

वाढला, त्यात खोट नव्हती. तिसऱ्या वर्षी त्याचे सरळ, लांब फांद्यांचे फोक डोक्याच्या वर गेले. तिने पहिला भारा कापला, भिजवला, टोपलीचा तळ बांधला आणि एक फोक वर वळवला. कट्! दुसरा घेतला. कट्!

“ओला असेल,” बाबा खुर्चीतून म्हणाले.

“ओलाच तर वाकतो ना बाबा!”

“मग जरा चुचकारून वळव.”

तिने चुचकारलं. साल सोलली, वाफ दिली. जमिनीवर तुकड्यांचा खच पडला, पण एकही टोपली उभी राहिली नाही. पाव ठेवायला टोपल्या सांगून गेलेला बेकरीवाला रिकाम्या हाताने परतला. जाताना म्हणाला, “प्लॅस्टिकचेच क्रेट घेतो आता.”

“बाबा, हे झाड टोपलीचं नाही. एकदा कबूल करा.”

“झाड चांगलंय. विणणाऱ्याचा हात पाहिजे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेले जाड फोक घेऊन ती मागच्या अंगणात गेली आणि सगळा राग काढत तिने कोंबड्यांभोवती कुंपण ठोकलं. महिन्याभरात कुंपणाला पालवी फुटली. हसावं की रडावं, तिला कळेना.

“बघ, जात किती जोमदार आहे!” बाबा काठी टेकत येऊन म्हणाले.

ती तडक होडीत बसून पलीकडच्या काठावर गेली. तिथल्या विणकर बाईशी बाबांचा जुना अबोला होता, पण जुन्या जातीचा विलो तिच्याकडेच शिल्लक होता. सूनबाईने हात जोडले. बाईने डोळे वटारले आणि मग लावायला मूठभर काड्या कापून दिल्या.

त्यांचे विणण्याजोगे फोक व्हायला पुन्हा वर्षं जाणार होती. परत येऊन ती पाणथळीच्या चिखलात वाकून एकेक काडी लावू लागली. बाबा काठावर येऊन उभे राहिले. काड्या कुणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही.

“थोडी खोल रोव,” एवढंच म्हणाले.

दात ओठ खात तिने काडी खोल रोवली.