काळी खिडकी

"अगं, ती बंद करू नकोस!" बाबा ओरडले, तोवर मी बंद करून बसले होते. त्या काळ्या खिडकीसोबत संगणकाच्या पडद्यावरचा जिन्याचा नकाशाही गडप झाला.

बाबा घरांचे नकाशे काढत. आधी कागदावर, मग संगणकावर. पण नकाशाचा प्रोग्राम त्यांनी कधी चित्रावर टिचकी मारून उघडला नाही. आधी एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात प्रोग्रामचं नाव टाइप करायचं. मग शेजारी नकाशा उघडे आणि काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी झरझर उतरत. अमका फॉन्ट सापडला नाही, तमकी सोय जुनी झाली, इशारा, पुन्हा इशारा.

"तिथे नुसती कटकट चालली होती, म्हणून बंद केली," मी म्हटलं.

"नकाशा तिच्यातूनच उघडलेला असतो. ती गेली की तोही गेला. असू दे, बराचसा जतन केलाय."

"मग चित्रावरून उघडा ना. सगळं जग तसंच उघडतं."

"तिथून उघडला की नुसतं हसरं तोंड दिसतं. इथे त्याचं पुटपुटणं कळतं. बहुतेक बिनकामाचंच असतं म्हणा. तुझ्या आईसारखं."

"ऐकलंय हं मी!" आतून आई. "आणि स्वतः? डोक्यावर छप्पर कोसळलं तरी 'बरा आहे' म्हणणारा माणूस!"

बाबा हसले. हसता हसता त्यांनी डावा खांदा चोळला.

"काय होतंय?"

"काही नाही गं. बरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाच्या खुर्चीतच गेले. त्रास बऱ्याच दिवसांपासून असणार, असं डॉक्टर म्हणाले. त्या गडबडीत संगणक कुणीतरी तसाच बटण दाबून बंद केला.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली, तेव्हा गवंड्याचा फोन आला. अवघडून बोलत होता. जिन्याचं काम अडलं होतं. मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि त्यांच्यासारखंच काळ्या खिडकीत प्रोग्रामचं नाव टाइप केलं. त्याच जुन्या कुरकुरी उतरल्या. फॉन्ट अजून सापडला नव्हता. शेवटी एक ओळ मात्र नवी होती: मागच्या वेळी काम नीट बंद झालं नव्हतं; हाती लागलं तेवढं परत आणलं आहे.

शेजारी जिना उघडला. स्वच्छ, नेटका. पायऱ्या सगळ्या होत्या. कठडा मात्र अर्ध्यावर थांबला होता.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"बरी आहेस ना गं?" आईनं विचारलं. इतके दिवस ती रोज हेच विचारत होती आणि मी रोज बाबांचंच उत्तर देत होते. आताही ते ओठांवर आलं होतं.

काळी खिडकी मी तशीच उघडी ठेवली.

"नाही गं आई," मी म्हटलं. "बरी नाहीये मी."