रांगेतला सहावा तांब्या

मी तांब्या बोलतोय. पितळेचा, पोटाला पोचा, बुडाला भोक. पाणी माझ्यात थांबत नाही, गोष्टी मात्र थांबतात. आणि त्यातल्या रुपयाला बारा आणे तरी खऱ्या असतात.

भिवराबाईच्या लग्नात तिच्या मामानं मला दिलं. तेव्हा मी असा झळकायचो की नेकनूरच्या बाजारात कोंबडे मला बघून भरदुपारी आरवायचे. पुढं दरवर्षी तिच्याबरोबर ऊसतोडीला जाऊ लागलो. एकदा उसानं भरलेल्या गाडीचं चाक माझ्या अंगावरून गेलं. तांब्या चेपला, असं सगळे सांगतात. चाकाचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

फुटका तांब्या लोक मोडीत घालतात. भिवराबाईनं घातला नाही, कारण त्याच साली दुष्काळ पडला आणि मला नोकरी लागली. रांगेत उभं राहायची.

टँकर मंगळवारी यायचा. किती वाजता, ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. तोवर उन्हात कोण उभं राहणार? म्हणून बायका रांगेत एकेक वस्तू ठेवून घरी जायच्या. कुणाची वीट, कुणाची चप्पल, कुणाचं फुटकं टोपलं. चांगला हंडा ठेवला तर चोरीला जाणार. माझ्यासारख्याला चोर उचलत नाहीत. वस्तू जागेवर, म्हणजे माणूस जागेवर. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, म्हणूनच तो सगळे पाळायचे.

टँकर सहकारी साखर कारखान्याचा. तो थांबायचा कॉलेजच्या फाटकापाशी. कॉलेजही कारखान्याचंच. सहकारी म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे चेअरमन धुळाजीरावांचं.

या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे त्रिंबक सर. वीस वर्षं त्यांनी पिवळ्या पडलेल्या वहीतून मजकूर सांगितला आणि पोरांनी उतरून घेतला. मग ते शहरात सात दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले अन् बदलूनच आले. आता म्हणे पोरांनी गोल बसायचं. हातोहात लोकरीचा चेंडू फिरवायचा. ज्याच्या हाती चेंडू, त्यानंच बोलायचं. आणि सरांनी उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं. उत्तर न देण्याचं प्रमाणपत्रही त्यांना मिळालं होतं.

त्या मंगळवारी कॉलेजात तपासणी समिती आली. सरांची चर्चा बघायला भिंतीशी खुर्च्या मांडल्या, त्यांत खुद्द धुळाजीरावही बसले. आणि ऐन वेळी चेंडू सापडेना. सर धावत फाटकापाशी आले, इकडं-तिकडं बघितलं आणि रांगेतला सहावा नंबर उचलून आत गेले. सहावा नंबर म्हणजे मी.

फळ्यावर लिहिलं होतं, ‘न्याय म्हणजे काय?’ मला पहिल्यांदा चाँद नावाच्या पोराच्या हातात दिलं.

“सर, आधी ह्यो तांब्या कुणाचा ते ठरवा, न्यायाचं मग बघू,” चाँद म्हणाला. पोरं हसली. त्यानं मला शेजारी सरकवलं. शेजारी बसली होती छबू, माझ्या भिवराबाईची लेक.

“सर, ह्यो आमचा हाय! रांगेतला नंबर. तुमी कावून उचलला?”

सरांचा चेहरा उजळला. “वा! म्हणजे तांब्या हाच नंबर, की तांब्या ही नंबराची खूण?”

“सर, घरात कालपासून पाणी न्हाई. टँकर येईल आता.”

“येईल! उद्याबद्दल, पुढच्या क्षणाबद्दल तरी आपण खात्रीनं बोलू शकतो का?”

पुढच्या क्षणी फाटकाशी हॉर्न वाजला.

“आला! जाऊ का, सर?”

“मी उत्तर देणार नाही,” सर समितीकडं बघत हसले. “गटाला काय वाटतं?”

गट बोलणार कसा? तांब्या छबूच्या हातात. सत्तावीस पोरं नुसत्या माना हलवत बसली.

छबू उठली, पण दाराकडं गेली नाही. खिडकीतून तिला टँकर दिसत होता, अन् त्याच्या पाइपाखाली ड्रम. ती सरळ धुळाजीरावांपुढं जाऊन उभी राहिली.

“साहेब, रांगेत आमी सहावे. तुमच्या बंगल्याचे ड्रम रांगेत कधीच दिसत न्हाईत. तरी दर खेपेला आधी तेच भरत्यात. कावून?”

धुळाजीरावांनी तोंड उघडलं. “साहेब, तांब्या हातात असल्याशिवाय बोलायचं नाही,” सर सवयीनं म्हणून गेले आणि त्यांनी जीभ चावली. छबूनं मला चेअरमनच्या हातात दिलं आणि ती फाटकाकडं पळाली.

धुळाजीरावांनी मला फिरवून पाहिलं. बुडाच्या भोकातून त्यांना स्वतःचे बूट दिसले असावेत. समितीनं पेन उघडलं.

“आधी चहा घ्या,” ते म्हणाले, आणि मला शिपायाकडं देऊन उठले.

चहाचं पाणी कुठल्या ड्रममधलं होतं, ते समितीनं विचारलं नाही.

छबू फाटकाशी पोचली तेव्हा माझ्या जागेवर सातव्या नंबरच्या रुक्मिणीबाईची चप्पल होती. “तांब्या गेला म्हून काय झालं? भिवराबाई काय मेली का? तुजा नंबर हाय तितंच हाय,” असं म्हणत ती एका पायानं अनवाणी, तापल्या मातीत उभी होती. सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिनं प्रशिक्षण न घेता देऊन टाकलं होतं. पण त्या दिवशी आधी ड्रम भरले, आणि चौथ्या नंबराला टँकरचा पाइप नुसता खोकायला लागला. सहावा नंबर शाबूत होता. पाणी नव्हतं.

समितीनं लिहिलं, ‘विद्यार्थी निर्भयपणे प्रश्न विचारतात.’ सरांचा सत्कार झाला. मला घासून, अंगावर पांढऱ्या रंगानं ‘शैक्षणिक साधन’ लिहून काचेच्या कपाटात ठेवलं. छबू दोनदा मागायला आली. सर म्हणाले, “वस्तू खरोखर कुणाची असते?” भिवराबाई आता रांगेत वीट ठेवते.

बाबांनो, कपाटाची किल्ली कुणाकडं असेल तर मला परत रांगेत नेऊन ठेवा. तिथं मला काम होतं, इथं नुसता मान आहे. आणि नेणार नसाल, तर निदान सरांचा नियम तरी पाळा. माझ्याबरोबर छबूचा शेवटचा प्रश्न धुळाजीरावांच्या हातात गेला होता. बोलायची पाळी अजून त्यांचीच आहे. त्यांचं उत्तर होईपर्यंत मी कपाटात गप्प उभा आहे, भिवराबाई रांगेत.